औषध देणारा हात

गेल्या श्रावणांत आम्ही कांहीं स्नेह्यांसह तोरण्याच्या पलीकडच्या मुलखांत गेलों होतों. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावर पासली हें गांव लागतें; पुढें मढे घाट, आणि घाटाखालीं कोंकण. सिंहगडीं पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचें शव याच घाटानें उमरठ्यास नेलें अशी परंपरा असल्यामुळें आमच्या मंडळींचें लक्ष अर्थातच त्या इतिहासाकडे लागलेलें होतें. हा मुलूख पूर्वीं भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानांत मोडत असे. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. वेल्हें तालुक्यास राजगड हें नांव देण्याचा निर्णयही २०२४ सालीं झाला. पाऊस मात्र पूर्वीचाच आहे. तो असा कोसळूं लागला कीं, घाट पाहण्याचा बेत सोडून आम्हांस पासलींत एका घराच्या ओटीवर आसरा घ्यावा लागला. त्याच ओटीवर एक तरुण परिचारिका रक्तदाब मोजण्याचें यंत्र पुढें ठेवून बसली होती, आणि तिच्यासमोर डोक्यावरून पदर घेतलेली एक वृद्धा.

"आजी, गोळी चालू आहे ना?"

"लावणी व्हती बाय. लावणीत कुठली गोळी? आन् मला बरंच वाटत व्हतं की."

"बरं वाटत होतं ते गोळीनंच, आजी."

त्यानंतर त्या मुलीनें जें केलें तें आम्ही लक्ष देऊन पाहिलें. म्हातारीस तिनें पांच मिनिटें गप्प बसविलें. पाठ भिंतीस टेकविली, पाय पायरीवर सरळ ठेवविले, हात हृदयाच्या उंचीवर येईल अशा बेतानें उशीवर घेतला, बाही वर सारली, आणि मगच पट्टा आवळला. दाब बराच वाढलेला निघाला. तेव्हां ती रागावली नाहीं. तिनें प्रश्न विचारले: घोट्याशीं सूज येते काय, उठतांना अंधारी येते काय, गुडघ्यांसाठीं दुकानांतून आणखी कसली गोळी आणतां काय. या शेवटच्या प्रश्नाचें प्रयोजन आम्हांस कळेना. विचारतां ती म्हणाली, "सर, अंगदुखीच्या काही गोळ्यांनी दाब वाढतो. ह्या बायका आपणहून सांगत नाहीत. विचारावं लागतं."

खरी लाजेची गोष्ट अशी कीं, त्या वेळीं आमच्याही खिशांत म्हातारीच्याच जातीची गोळी होती. सहा वर्षें आम्ही ती रोज गिळीत आलों आहों. पण ती शरीरांत जाऊन काय करते, हें गेलीं तीस वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या आम्हांस कोणी विचारलें असतें, तर सांगतां आलें नसतें. पुण्यास परतल्यावर आम्ही या औषधांचा इतिहास मिळेल तेथून वाचूं लागलों. औषध शोधून काढणाऱ्याचें नांव ग्रंथांत सांपडतें, लिहून देणाऱ्याचें चिठ्ठीवर असतें. तें रोग्याच्या तळहातावर ठेवणाऱ्याचें नांव मात्र आम्हांस कोठेंच आढळेना.

आपल्या प्राचीनांनीं ही चूक केली नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि रोगी. उपस्थात्याच्या अंगीं चार गुण असावेत असें तेथें म्हटलें आहे. त्यांपैकीं दक्षता, रोग्याविषयीं ममता आणि स्वच्छता हे तीन गुण कोणालाही सुचतील. पण यादीच्या अगदीं आरंभीं जो गुण घातला आहे तो उपचारज्ञता, म्हणजे उपचाराचें ज्ञान. पुढें शुश्रूषा हें बायकांचें काम ठरलें, तेव्हां ममतेची अपेक्षा तेवढी शिल्लक राहिली आणि ज्ञानाची गळून पडली, असें आमचें मत आहे. वैद्यवर्गास तें सोयीचेंही असावें.

हृदयावरील औषधांत हें ज्ञान किती निकडीचें आहे, तें डिजिटॅलिसच्या कथेवरून दिसतें. इंग्लंडांत श्रॉपशर परगण्यांत एका वृद्धेपाशीं सर्वांगसुजेवरचा गुप्त काढा होता. १७७५ सालीं विल्यम विथरिंग या डॉक्टरास त्याविषयीं मत विचारण्यांत आलें. काढ्यांत वीस-एक वनस्पती होत्या. त्यांत काम करणारी एकच, ती फॉक्सग्लोव्ह, हें त्यानें ओळखलें, आणि दहा वर्षें रोग्यांवर अनुभव घेऊन १७८५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वृद्धेचें नांव विथरिंगनें दिलेलें नाहीं. पुढें तिला 'मदर हटन' हें नांव चिकटलें. पण तें १९२८ सालच्या एका औषधकंपनीच्या जाहिरातींतून आलें, असें संशोधकांनीं दाखवून दिलें आहे. नांव नसलेल्या बाईस शेवटीं जाहिरातीनें बारसें करून दिलें!

विथरिंगच्या ग्रंथाचा गाभा औषध किती द्यावें यांत नसून केव्हां थांबवावें यांत आहे. मूत्रपिंडें, जठर, नाडी किंवा आंतडीं यांपैकीं कोठेंही परिणाम दिसूं लागतांच औषध बंद करावें, असें तो बजावतो. कारण या औषधाची उपकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडें. १९३० सालीं सिडनी स्मिथ यांनीं या वनस्पतीच्या दुसऱ्या एका जातीपासून डिगॉक्सिन हें शुद्ध द्रव्य वेगळें काढलें. त्यामुळें मात्रा मोजणें सोपें झालें, पण अंतर वाढलें नाहीं. आतां हा परिणाम 'दिसूं लागतांच' तो पाहणार कोण? डॉक्टर दिवसांतून एकदां येतो, दोनदां येतो. बाकीचे बावीस-तेवीस तास रोग्यापाशीं असते ती परिचारिका. म्हणून जगभर तिला एक नियम शिकविला जातो: डिगॉक्सिन देण्यापूर्वीं छातीवर नळी ठेवून हृदयाचे ठोके पूर्ण एक मिनिट मोजावे, ते साठांच्या आंत असले, तर गोळी हातांतच ठेवावी आणि डॉक्टरांस कळवावें. पंधरा सेकंद मोजून चारानें गुणण्याची सवय येथें चालत नाहीं, कारण ज्यांना हें औषध देतात त्यांचे ठोके बहुधा अनियमितच असतात.

या नियमाचा अनुभव आमच्या घरांत आलेला आहे. १९९४ सालीं आमचे तीर्थरूप एका रुग्णालयांत होते. डिगॉक्सिन चालू होतें आणि जोडीला लघवी साफ करणारी गोळीही होती. चार दिवसांनीं त्यांना अन्न नकोसें झालें, आणि दिव्याभोंवतीं पिवळें कडें दिसतें असें ते म्हणूं लागले. आम्ही तें म्हातारपणाचें कुरकुरणें समजलों. आमच्या बंधूंनीं तर दिवा बदलविला. रात्रपाळीच्या परिचारिकेनें मात्र तें वाक्य ऐकतांच ट्रे खालीं ठेवला, घड्याळ काढलें आणि मिनिटभर ठोके मोजले. ते सेहेचाळीस भरले. तिनें गोळी दिली नाहीं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांस उठविलें. सकाळीं एका वरिष्ठांनीं, "तुम्हांला हें ठरवायला कोणी सांगितलें?" असें तिला आमच्यादेखत विचारलें. "ठोके सेहेचाळीस होते, सर," एवढेंच ती म्हणाली. दुपारीं रक्ताची तपासणी आली. लघवीवरच्या गोळीनें शरीरांतील पोटॅशियम उतरलें होतें, आणि तें उतरलें कीं डिगॉक्सिनचें विष अधिक चढतें. औषध कांहीं दिवस बंद ठेवण्यांत आलें. तीर्थरूप त्यानंतर अकरा वर्षें जगले. त्या बाईंचें नांव आम्ही विचारलें नाहीं.

डिजिटॅलिस हें परदेशी झाड म्हणून त्याचा आपल्याशीं संबंध नाहीं, असें कोणीं समजूं नये. आपल्या देवळांच्या आवारांत फुललेली कण्हेर, आणि पिवळ्या फुलांची बिट्टी, यांच्या अंगीं त्याच वर्गाचें विष असतें. बिट्टीची बी पोटांत गेलेल्या माणसाची नाडी डिगॉक्सिन अधिक झालेल्या रोग्याप्रमाणेंच मंदावते. एकाचें लक्षण ज्या परिचारिकेस ठाऊक आहे, तिला दुसऱ्याचाही संशय लवकर येईल.

हृदयाचें दुखणें रोग्यास जाणवतें तरी. रक्तदाबाची गोष्ट निराळी. तो मोजल्याखेरीज कळत नाहीं, आणि मोजण्याचें सोयीचें साधन फार जुनें नाहीं. इटलींत रिवा-रोच्ची यांनीं १८९६ सालीं दंडास पट्टा बांधण्याची युक्ति काढली. १९०५ सालीं रशियांत कोरोत्कोव्ह यांनीं पट्ट्याखालीं नळी लावून नाडीचे आवाज ऐकण्याची रीत सांगितली. मोजतां आलें, पण उपाय सांपडेना. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंतील रक्तस्रावानें वारले, त्या दिवशीं त्यांचा दाब ३०० वर १९० भरला होता. जगांतील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षांसाठीं त्यांच्या डॉक्टरांपाशीं विश्रांति, मीठ कमी करणें, झोपेचें औषध आणि डिजिटॅलिस याहून फारसें कांहीं नव्हतें.

नेमक्या याच काळांत मुंबईंत एक मुळी कामास लागली होती. हा प्रसंग आपल्या सुशिक्षित वर्गास फारसा ठाऊक नसावा याचें आम्हांस नवल वाटतें. सर्पगंधा ही मुळी आपल्याकडील वैद्य व खेडूत पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले आहेत. बिहारांत तिला 'पागल की दवा' म्हणत. सह्याद्रींतही ती उगवते. वनस्पतिशास्त्रांतील तिचें नांव मात्र सोळाव्या शतकांतल्या लिओनार्ड राउवोल्फ या जर्मन वैद्यावरून पडलें आहे, आणि तो गृहस्थ हिंदुस्थानपर्यंत कधीं पोंचलाही नव्हता. असो. १९३१ सालीं कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं ही मुळी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर गुणकारी असल्याचें लिहिलें. त्याच वर्षीं दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनीं तिच्यांतून स्फटिकरूप द्रव्यें वेगळीं केलीं, आणि त्यांपैकीं एकास हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ अजमलीन असें नांव दिलें. १९३४ सालीं 'सर्पिना' या नांवानें तिची गोळीही बाजारांत आली. परंतु हें सारें हिंदी मासिकांत व हिंदी दवाखान्यांत राहिलें. बाहेरच्या जगानें त्याची दखल घेतली नाहीं.

ती घ्यावयास लावली डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं. मुंबईचे हे पारशी हृद्रोगतज्ज्ञ के. ई. एम. रुग्णालयांत काम करीत. इतर उपायांनीं ज्यांचा दाब उतरला नव्हता अशा पन्नास रोग्यांना चार आठवडे सर्पगंधा देऊन त्यांनीं नोंदी केल्या, आणि तो निबंध १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें छापला. बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनीं मुळी मागवून प्रयोग केले. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांत सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं तिच्यांतून रेसर्पिन काढलें. आणि थोड्याच वर्षांत तें जगभर गेलें. १९५७ सालीं वकिलांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही हें नांव विचारून पाहिलें. एकानेंही तें ऐकलेलें नव्हतें.

पण या यशोगाथेस एक दुसरी बाजू आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची. रेसर्पिनचा वापर वाढला तसतशा १९५० नंतरच्या दशकांत तक्रारी येऊं लागल्या. नाक चोंदणें, नाडी मंदावणें, फार झोंप येणें हीं लक्षणें किरकोळ मानण्यांत आलीं. परंतु कांहीं रोगी, विशेषतः मोठ्या मात्रेवर असलेले, हळूहळू खिन्न होत गेले, आणि कांहीं तर जिवावर उदार झाले. या खिन्नतेचा किती दोष औषधाकडे जातो याविषयीं पुढें पंडितांत मतभेद झाले, तरी सावधगिरीचा नियम राहिला. कल्पना करा कीं, तक्त्यावर रक्तदाबाचा आंकडा उत्तम आहे, डॉक्टर संतुष्ट आहेत, आणि माणूस भिंतीकडे तोंड करून निजला आहे; जेवणाचें ताट तसेंच परत जात आहे, घरचीं माणसें आलीं तरी बोलत नाहीं. हें पाऱ्याच्या नळीला कळत नाहीं. तें कळतें ताट उचलणारीस. मात्र या गोळीनें असें होऊं शकतें हें तिला कोणीतरी शिकविलेलें असलें पाहिजे.

आणि शिकविण्याचाच इतिहास आपल्याकडे फार अपुरा आहे. परिचर्येचें शिक्षण घेण्यास आलेली पहिली हिंदी स्त्री म्हणून मुंबईच्या बाई काशीबाई गणपत यांची १८९१ सालची नोंद आढळते. पुण्यांत १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखालीं सेवासदन निघालें, आणि तेथील बायका ससून रुग्णालयांत परिचर्या शिकावयास जाऊं लागल्या. पांढरपेशा घरांतील विधवांनीं परजातीच्या पुरुषांचीं मळमुतें काढावींत, ही कल्पना त्या काळच्या पुण्यास सोसणें सोपें नव्हतें; रमाबाईंनीं तो रोष अंगावर घेतला. १९३५ सालीं मुंबई इलाख्यांत परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४६ सालीं सर जोसेफ भोर यांच्या समितीनें आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला, तेव्हां हिंदुस्थानांत सुमारें ६,३०० माणसांमागें एक डॉक्टर होता, आणि सुमारें ४३,००० माणसांमागें एक परिचारिका! म्हणजे एकेका परिचारिकेमागें जवळजवळ सात डॉक्टर. जेथें पायाच इतका अरुंद, तेथें उपचारज्ञतेची गोष्ट कोण बोलणार?

पुढच्या औषधांचा इतिहास आम्ही येथें विस्तारानें सांगत नाहीं. १९५७-५८ च्या सुमारास क्लोरोथायझाइड हें लघवीवाटे पाणी व मीठ काढणारें औषध आलें. १९६४ सालीं जेम्स ब्लॅक यांचें प्रोप्रॅनोलॉल प्रसिद्ध झालें. १९८१ सालीं कॅप्टोप्रिल आलें. तें ब्राझील देशांतील एका सर्पाच्या विषाच्या अभ्यासांतून निघालें. सापाच्या नांवाची आमची मुळी मागें पडली आणि खरोखरचा साप पुढें आला! छातींतील कळेवरचें नायट्रोग्लिसरीन याहून जुनें, १८७९ सालचें. सुरुंगाचें हेंच द्रव्य आल्फ्रेड नोबेल यांना अखेरच्या दिवसांत त्यांच्या डॉक्टरांनीं औषध म्हणून घ्यावयास सांगितलें, तेव्हां त्यांनाही हा दैवाचा विनोद वाटला होता. मात्र यांतलें प्रत्येक औषध परिचारिकेकडे एक निराळा प्रश्न मागतें. पाणी काढणारी गोळी सकाळीं द्यावी, नाहींतर म्हातारा माणूस रात्रीं अंधारांत उठतो आणि पडतो. प्रोप्रॅनोलॉलपूर्वीं दम्याची चौकशी करावी, आणि तें एकाएकीं तोडूं देऊं नये. कॅप्टोप्रिलच्या वर्गानें कोरडा खोकला येतो, आणि रोगी खोकल्याचें औषध घेत बसतो. गर्भवतीस तर हा वर्ग मुळींच देऊं नये. जिभेखालची गोळी रोग्यास बसवून द्यावी, कारण दाब झटकन उतरून भोवळ येते. आज सर्वत्र चालणाऱ्या अॅम्लोडिपीननें घोट्यांशीं सूज येते. पासलीच्या ओटीवरचा पहिला प्रश्न हाच होता, हें वाचकांच्या ध्यानांत आलें असेल.

परिचारिकेस इतकें शिकविलें तर ती डॉक्टरच होऊं पाहील, असा आक्षेप आमच्या एका डॉक्टर मित्रांनीं घेतला. आम्हांस तो पटत नाहीं. नाडी मोजून गोळी रोखून धरणें म्हणजे निदान करणें नव्हे. शिवाय व्यवहारानें या वादाचा निकाल लावलाच आहे. २०१७-१८ पासून भारतांत रक्तदाबनियंत्रणाचा जो उपक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या पंचवीस जिल्ह्यांत महाराष्ट्राचे चार होते, आणि भोरच्या शेजारचा सातारा त्यांपैकीं एक. औषधांचा क्रम ठरवून देणें, तीस दिवसांच्या गोळ्या घराजवळच्या केंद्रांत मिळणें, आणि परिचारिकेनें दाब मोजून, नोंद करून, न आलेल्या रोग्याचा शोध घेणें, हे त्याचे मुख्य विशेष. त्यांत नवें औषध एकही नाहीं. पासलीसारख्या गांवीं, जेथें पावसाळ्यांत पुण्याचा तज्ज्ञ स्वप्नांतही येत नाहीं, औषधाची आणि रोग्याची गांठ पडते ती हिच्याच हातून.

त्या दिवशीं पाऊस ओसरेपर्यंत दोन तास गेले. आमचाही दाब तिनें मोजला. तो १५२ वर ९४ भरला. "गोळी कधी घेता, सर?" असें तिनें विचारलें, आणि आम्ही "आठवेल तेव्हां" असें खरें उत्तर दिलें. ती हंसली नाहीं. म्हातारीकडे वळून ती म्हणाली, "आजी, रोज न चुकता काय करता?"

"मिशरी लावते."

"ती सोडा म्हणून मी दोन वर्षं सांगते आहे. सोडत नाही ना? मग निदान गोळ्यांची पट्टी त्या डबीशेजारी ठेवा. आधी गोळी, मग डबीला हात."

म्हातारीनें पट्टी पदराच्या टोकांत बांधली, पुन्हां सोडली, गोळ्या मोजल्या आणि पुन्हां बांधली. मग आमच्याकडे बोट दाखवून तिनें परिचारिकेस विचारलें, "आन् ह्यांला कशाशेजारी ठिवायला सांगतीस?"